सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही: आधी ट्रान्सफर केस, मग गिअरबॉक्स, आता इंजिन

हुरडापार्टी · ९ जून, रात्री १०:४०

मंडळी, गाडी सध्या लिफ्टवर आहे आणि तीन मिस्त्रींची तीन मतं आहेत, म्हणून धागा काढतोय.

गाडी २०१५ची युरोपियन लक्झरी एसयूव्ही. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, चारही चाकांना ओढ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की अर्धे प्रतिसाद 'जर्मन चांगली की ब्रिटिश' यावर जातात. मागच्या दिवाळीत पुण्यातल्या एका डीलरकडून घेतली, नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत. मीटरवर तेव्हा ९२ हजार होते. माझं टॉवेलचं युनिट सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, त्यामुळे हैदराबाद, इचलकरंजी, मुंबई चालूच असतं. लांबच्या रस्त्याला गाडी अप्रतिम आहे. हे आजही म्हणतो.

आता रडगाणं. सुरुवात घराच्या गेटपासून झाली. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी बाहेर काढली की मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी अडायची, मग टुणकन सुटायची. 'मोठ्या गाड्यांना होतं असं' म्हणाला डीलर. थंडीत मोहोळच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे हळू चालवताना हलकासा ॲक्सिलरेटर दिला की खालून थरथर यायला लागली. नंतर सिग्नलला थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना झटका. मे महिन्यात उमरग्याच्या अलीकडे 'कूलंट कमी' असा संदेश आला. तिथल्या गॅरेजमध्ये भरून घेतलं आणि परत आलो. आणि मागच्या आठवड्यात टेंभुर्णीजवळ तेलाचा दिवा लागला, पाठोपाठ इंजिनातून टकटक. गाडी फ्लॅटबेडवर घालून आणली.

एक मिस्त्री म्हणतो कंपनीचं नवं इंजिन घाला (आकडा ऐकून मी पाणी मागितलं). दुसरा म्हणतो जुन्या बाजारातून वापरलेलं इंजिन आणू. तिसरा म्हणतो क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) घासू, बेअरिंग टाकू, आठ दिवसांत पळेल. काय करू?

---

जुनापुणेनाका · ९ जून, रात्री ११:०५

काय करलालास बे! तवाच सांगितलं होतं, फॉर्च्युनर घे म्हणून. लई आवाज करत होतास, लेदर सीट अन् पॅनोरमिक काच. आता बस काचंतनं आभाळ बघत.

चेष्टा राहू दे. गाडी कुणाकडं हाय? टोइंगवाल्यानं किती घेतले?

---

हुरडापार्टी · ९ जून, रात्री ११:२०

फॉर्च्युनरचा प्रतिसाद कोण पहिला देतो याची पैज लावली होती घरी. जिंकलो.

गाडी होटगी रोडला एका ओळखीच्याकडे आहे. इंजिन अजून कुणालाही उघडू दिलेलं नाही.

---

तेरानंबरपाना · १० जून, सकाळी ७:१५

मालक, उघडू दिलं नाहीत हे सगळ्यात चांगलं केलंत. आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग बोलू.

तेलाचा दिवा लाल होता की पिवळा? पिवळा म्हणजे पातळी कमी, भरा आणि जा. लाल म्हणजे दाब नाही. चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) काठोकाठ तेल असलं तरी पंप ते वर ढकलत नसेल तर क्रँकच्या बेअरिंगवर तेलाची फिल्म राहत नाही, आणि धातूला धातू घासायला काही मिनिटं पुरतात. लाल दिव्यानंतर गाडी किती चालली, यावर आतलं नुकसान ठरतं. शिवाय यातल्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते. पातळी स्क्रीनवर बघायची, तीही गाडी सपाट जागी आणि इंजिन गरम असताना. आपल्याकडचा पोरगा बॉनेट उघडतो, पट्टी सापडत नाही, 'तेल बरोबर हाय' म्हणतो आणि बॉनेट लावतो.

दुसरं, तेलाचा फिल्टर काढा आणि कागद कापून पसरा. उन्हात धरा. चमकी दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटली तर पोलाद आहे: चेन, गिअर, कॅम असं काहीतरी. चिकटली नाही आणि रंग तांबूस किंवा ॲल्युमिनियमसारखा असला तर बेअरिंगचा थर गेला. हा तपास फुकट आहे आणि पन्नास हजारांच्या अंदाजापेक्षा खरा आहे.

तिसरं, चारही टायर कोणत्या कंपनीचे आणि किती उरलेत ते बघा. हसू नका. गेटमधल्या अडकण्याचा संबंध तिथे आहे.

---

हुरडापार्टी · १० जून, दुपारी २:३०

दिवा लाल. लगेच बाजूला घेतली आणि बंद केली. टकटक मात्र त्याआधी थोडी ऐकू येत होती, मला ती रस्त्याची वाटली.

टायर: पुढचे दोन नवेकोरे, डीलरनेच विकताना टाकून दिलेले. मागचे जुने, दुसऱ्या कंपनीचे. गेज लावून मोजले. पुढे आठ मिमी, मागे तीन.

फिल्टर उद्या.

---

गतिकी · १० जून, संध्याकाळी ६:५०

कॉलेजात मुलांना हाच हिशेब घालते, म्हणून राहवलं नाही.

या आकाराच्या एसयूव्हीला २५५/५० आर १९ हा सर्रास मिळणारा टायर धरू. नव्याची त्रिज्या साधारण ३६९ मिमी. पाच मिमी झिजलेल्याची ३६४. नवं चाक एका किलोमीटरला सुमारे ४३१ फेरे मारतं, झिजलेलं ४३७. सहा फेऱ्यांचा फरक. सोलापूर ते पुणे अडीचशे किमी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत दीड हजार फेऱ्यांची तफावत, आणि डिफरन्शिअलच्या (एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) आधीच्या शाफ्टवर तीच साधारण तिप्पट. हिशेब ढोबळ आहे, वजनाखाली टायर दबतो वगैरे सोडून दिलंय.

ही तफावत जाते कुठे? तुमच्या गाडीसारख्या बऱ्याच मॉडेलांत ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) अनेक चकत्यांचा तेलात भिजलेला क्लच असतो. एक छोटी मोटर तो दाबते, त्यानुसार पुढच्या चाकांना किती ओढ द्यायची ते ठरतं. सरळ रस्त्यावर तो पूर्ण दाबलेला नसतो, पण पूर्ण मोकळाही नसतो. पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट सतत वेगळ्या वेगाने फिरले तर चकत्या सतत घसरतात, तेल भाजतं, त्यातले घर्षण नियंत्रित ठेवणारे घटक संपतात. मग क्लच सरळ घसरायच्या ऐवजी धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. तुम्हाला जाणवणारी थरथर ती. पूर्ण वळणात पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर आणि मागची लहान वर्तुळावर फिरतात, म्हणून गेटमध्ये सगळ्यात आधी कळलं.

म्हणजे डीलरने 'दोन नवे टायर फुकट' दिले, त्यातूनच ट्रान्सफर केसचं काम निघालं असण्याची शक्यता बरीच आहे. चार जुने एकसारखे ठेवले असते तरी बरं होतं.

---

जुनापुणेनाका · १० जून, संध्याकाळी ७:३०

मॅडम, एक चाक पंक्चर होऊन स्टेपनी लावली तर?

---

गतिकी · १० जून, रात्री ८:१०

बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग आणि अंतर पाळायचं, बस. एका ॲक्सलच्या दोन चाकांतला फरक तिथलं डिफरन्शिअल सोसतं, शाफ्टपर्यंत त्याचा निम्मा पोचतो. पंक्चरच्या दुकानापर्यंत काही होत नाही. तिच्यावर हैदराबाद गाठू नये.

---

स्टुटगार्टकर · १० जून, रात्री ११:५५

मी मूळचा पंढरपूरचा, इथे एका स्वतंत्र वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सच्याच कामावर असतो. गिअरबॉक्सबद्दल थोडं.

२०१५ची, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, आठ गिअर म्हणजे बहुतेक झेडएफचा ८एचपी. गिअरबॉक्स म्हणून उत्तम आहे. २००९पासून कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसतोय. याच्या तेलाला बरेच गाडीवाले 'लाइफटाइम' म्हणतात. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किमीच्या दरम्यान, किंवा साधारण आठ वर्षांनी, तेल बदला असं सांगते. दोघांत कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा. मी बनवणाऱ्याचं ऐकतो.

दुसऱ्या-पहिल्याचा झटका हा बऱ्याचदा जुन्या तेलाचाच असतो. लगेच गिअरबॉक्स खाली उतरवू देऊ नका. खालचा चेंबर प्लॅस्टिकचा आहे, फिल्टर त्यातच एकजीव आहे, म्हणजे फिल्टर बदलायचा तर चेंबरच नवा. पातळी इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट लिफ्टवर, तेल ठरावीक तापमानात असताना बघायची असते. स्कॅनरवर तापमान दिसत नसेल तर ते काम करणारा माणूस अंदाजाने करतोय. मे महिन्यात सोलापुरात दुपारी तेल भरलं आणि पातळी 'डोळ्यांनी' बघितली की पुढची तक्रार ठरलेली. मशीन लावून दाबाने फ्लश करा म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जुन्या बॉक्समध्ये सुटलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलायला तेल जिथून सोडलं जातं त्या बारीक वाटांत) जाऊन बसते.

आणि हो, ट्रान्सफर केस थरथरत असेल तर बऱ्याचदा माणूस गिअरबॉक्सला दोष देतो. आधी टायर, मग ट्रान्सफर केसचं तेल (ते वेगळं असतं, जेमतेम लिटरभर), आणि त्यानंतर गिअरबॉक्स.

---

लेथवाला · ११ जून, सकाळी ९:२०

तिसरा मिस्त्री जे म्हणतो त्यात चूक काय ते मला कळेना. सोलापुरात ट्रक-ट्रॅक्टरचे क्रँक घासणारे एकेक कसलेले लोक आहेत. दहा, वीस, तीस थाउचं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बेअरिंग टाकलं की ट्रक परत लाखो किमी पळतो. लक्झरी गाडीचा क्रँक काय सोन्याचा असतो का? लोकांना घाबरवून नवं इंजिन विकायचे धंदे आहेत हे.

---

तेरानंबरपाना · ११ जून, दुपारी १२:४०

लेथवाले, तुमच्या हाताला नमस्कार. मीही वीस वर्षं ट्रकवर काढली आहेत. पण इथे तीन अडचणी आहेत.

एक, ट्रकचा क्रँक घासायचाच म्हणून बनवलेला असतो. कंपनी अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचं) बेअरिंग देते. या इंजिनांत बऱ्याच कंपन्या एकच मापाचं देतात, आणि तेही रंगाच्या खुणांनी जुळवून, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शातल्या फरकासाठी. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गोल भागावर) कडक केलेला थर असतो आणि काही क्रँकांत तो फारच पातळ असतो. घासलात की गेला. कोपऱ्याची गोलाई दाबून मजबूत केलेली असते, तिथे दगड लागला की क्रँक तिथूनच तुटतो. तुटतो म्हणजे दोन तुकडे, बरं का.

दोन, हेडचे, मेनचे, कॉनरॉडचे (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) बोल्ट एकदाच वापरायचे. ताणून बसवतात, अंशांत फिरवून. जुने परत लावले तर धरत नाहीत. आपल्याकडे 'चांगले दिसतात की' म्हणून तेच लावतात.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बेअरिंग फिरलं की त्याची चमकी तेलाबरोबर सगळीकडे जाते. ऑइल कूलर, टर्बो, व्हॅक्युम पंप, चेनचे टेन्शनर. क्रँक सुंदर घासला आणि जुना ऑइल कूलर तसाच लावला तर पहिल्याच स्टार्टला तीच चमकी नव्या बेअरिंगवर. 'हाफ इंजिन काम केलं, महिन्यात परत गेलं' याच्या बहुतेक गोष्टी इथे सुरू होतात.

आणखी एक. यातल्या काही इंजिनांत टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते. म्हणजे सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ आली तर चेनपर्यंत पोचायलाच इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आता उतरवणारच आहात तर चेन, गाइड, टेन्शनर सगळं त्याच वेळी.

---

लेथवाला · ११ जून, दुपारी १:०५

तिसरा मुद्दा मान्य. पहिला सगळ्या इंजिनांना लागू नाही. काहींना बाहेरच्या कंपन्यांची अंडरसाइज बेअरिंग मिळतात, मी स्वतः टाकलीत. गाड्या चालू आहेत. किती दिवस चालतील ते नाही सांगत.

---

हुरडापार्टी · ११ जून, रात्री ९:४५

फिल्टर कापला. चमकी आहे, भरपूर. चुंबकाला काही चिकटत नाही, रंग तांबूस. पानासाहेबांनी सांगितलं तसंच.

तेव्हा चेंबर काढून घेतलं (माझ्यासमोर, फोटो काढत). तेल डांबरासारखं, आणि पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते ती अर्धी काळ्या चिखलाने बुजलेली. दुधाळ मात्र नव्हतं, म्हणजे पाणी तेलात गेलेलं नाही असं म्हणतात.

कूलंटची गळती इंजिनच्या मागच्या अंगाला, प्लॅस्टिकच्या जोडाशी सापडली. भोवती पांढरे खडे साचलेत.

---

तेरानंबरपाना · १२ जून, सकाळी ७:००

पांढरे खडे म्हणजे बहुतेक बोअरचं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून गॅरेजवाले बोअरच्या टाकीतून डबा भरतात आणि रेडिएटरमध्ये ओततात. आपलं पाणी किती जड आहे ते घरचा गीझर उघडून बघा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, याशिवाय ॲल्युमिनियमच्या इंजिनात काही घालू नये. उमरग्याला काय भरलं ते देव जाणे, पण हे साचायला वर्षं लागतात, ते एका डब्याचं काम नाही.

आणि डॅशबोर्डच्या तापमान-काट्यावर विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो, म्हणजे ८० अंश असो की १०५, काटा तिथेच. मालकाला घाबरवायला नको म्हणून. काटा हलेपर्यंत हेड वाकायची वेळ आलेली असते. दीड-दोन हजारांचं ओबीडी ॲडॉप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) घ्या आणि मोबाइलवर खरं तापमान बघत जा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये एसी चालू ठेवून वाहतुकीत अडकलात तर.

जाळी बुजली कारण तेल वेळेवर बदललं नाही. काही युरोपियन गाड्यांचा कॉम्प्युटर पंचवीस हजारांपर्यंत 'सर्व्हिस नको' म्हणतो. तिकडची थंड हवा आणि मोकळे रस्ते धरून केलेला हिशेब तो. इथल्या उन्हात, धुळीत मी दहा हजारांवर एक किमी जाऊ देत नाही. पण मालक, ९२ हजारांच्या मानाने हा चिखल मला जास्त वाटतो. गाडीचे खरे किमी बघितलेत का? मीटरवरचे नव्हे. स्कॅनर लावून बाकीच्या मॉड्युलांत (गाडीतल्या वेगवेगळ्या छोट्या कॉम्प्युटरांत) काय नोंद आहे ते. जुन्या फॉल्टबरोबर त्या वेळचे किमी साठलेले असतात, मीटर मागे करणाऱ्याला ते सगळीकडे पुसता येतातच असं नाही.

---

कडकभाकरी · १२ जून, सकाळी १०:३०

वाचतोय. जरा अवांतर: माझी बीएस-६ आहे, डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). घर ते दुकान, सात रस्ता ते नवी पेठ, एवढाच वापर. तेलाची पातळी वाढतेय असं दिसतं. कमी होण्याऐवजी वाढते कशी?

---

तेरानंबरपाना · १२ जून, सकाळी ११:१५

डीपीएफमधली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. ते पूर्ण व्हायच्या आत तुम्ही दुकानापाशी गाडी बंद करता. मग जळण अर्धं राहतं आणि काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं, पातळी वाढते. वाढलेली पातळी बघून खूश होऊ नका, तेल बदला. आणि आठवड्यातून एकदा तुळजापूरला जाऊन या, गाडीलाही बरं आणि तुम्हालाही.

---

हुरडापार्टी · १४ जून, रात्री १०:१५

स्कॅन झालं. गिअरबॉक्सच्या मॉड्युलमध्ये एका जुन्या फॉल्टची नोंद १,३८,००० किमीला आहे. गाडीचं मीटर आज लाखाच्या आत आहे.

रक्त खवळलंय. उद्या पुण्याला जाऊन डीलरची कॉलर धरावी म्हणतो.

---

जुनापुणेनाका · १४ जून, रात्री १०:२०

मी येतो. गाडी माझी घेऊ. ती चालू हाय.

---

स्टुटगार्टकर · १५ जून, पहाटे २:१०

थांबा. गिअरबॉक्स किंवा त्याचं मॉड्युल दुसऱ्या गाडीतून आणून बसवलेलं असू शकतं, मग त्यातले किमी त्या गाडीचे. मॉड्युलमध्ये चॅसिस नंबर साठवलेला असतो, तो तुमचाच आहे का बघा. एका जागच्या नोंदीवर आरोप करू नका, किमान दोन वेगळ्या मॉड्युलांत तोच आकडा मिळाला पाहिजे. काही गाड्यांत चावीतही किमी असतात.

---

शेंगाचटणी · १५ जून, सकाळी ८:४५

पेशाने वकील आहे, ग्राहक आयोगातली कामं करते. कॉलर धरू नका, नोटीस पाठवा.

पहिला प्रश्न: विक्री डीलरने केली की डीलरने मूळ मालकाशी गाठ घालून दिली? पावती कुणाच्या नावाची आहे? माणूस स्वतःची जुनी गाडी एकदा विकतो तेव्हा तो ग्राहक कायद्यात सहसा येत नाही, त्याच्याविरुद्ध दिवाणी मार्ग. गाड्या विकणं हा ज्याचा धंदा आहे तो येतो. १ एप्रिल २०२३पासून नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना द्यायची असते. ते कागद मागा.

दुसरा प्रश्न: गाडी तुमच्या नावावर आहे की फर्मच्या? फर्मच्या नावावर, धंद्यासाठी घेतली असेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला 'हे व्यावसायिक कारणासाठी आहे, हे ग्राहक नाहीत' असं म्हणणार. त्याला उत्तर असतं, पण तयारी लागते.

२०१९च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे सोलापुरातच, पुण्याच्या फेऱ्या नकोत. ५० लाखांपर्यंतचा मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तुमची थोडी लागेल. मुदत दोन वर्षं. ऑनलाइनही दाखल करता येते.

पण आत्ता, आजच, एक काम करा. इंजिन पुढे उघडायच्या आत डीलरला लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक गॅरेजमध्ये इंजिन उघडतोय, तुमचा माणूस पाठवा. नाही आला तर तेही तुमच्या बाजूचं. कापलेला फिल्टर, जाळी, बेअरिंग, तेलाचा नमुना, सगळं तारीख घालून सीलबंद ठेवा. मिस्त्री सवयीने भंगारात टाकेल. भंगारात गेलेला पुरावा मला आयोगासमोर मांडता येत नाही. विक्रीच्या वेळचे मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट (त्यात ९२ हजार लिहिलेलं असेल) जपून ठेवा. 'आहे तशी विकली' असं कागदावर असलं तरी मीटरबद्दल खोटं सांगितल्याला ते झाकत नाही.

---

हुरडापार्टी · १५ जून, दुपारी ३:५०

ताई, मनापासून आभार. पावती डीलरच्या नावाची आहे, गाडी माझ्या वैयक्तिक नावावर. जाहिरात व्हॉट्सॲपवर आहे. विम्याचं काय? इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं आहे.

---

शेंगाचटणी · १५ जून, संध्याकाळी ५:२०

पॉलिसीचे शब्द वाचून सांगते, कागद पाठवा. साधारणपणे ते ॲड-ऑन पाणी शिरून इंजिन बंद पडणं किंवा खालून दगड लागून तेल गळणं अशा अपघाती कारणांसाठी असतं. झीज आणि देखभालीअभावी झालेला बिघाड त्यात धरत नाहीत.

---

तेरानंबरपाना · १६ जून, सकाळी ७:३०

आता इंजिनाचं. कंपनीचं नवं घालायला तुमच्या गाडीची आजची किंमत पुरणार नाही, तो विषय संपला. गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत, हत्ती निम्म्या किमतीत मिळाला तरी चारा पूर्ण भावाचा.

माझा कौल वापरलेल्या इंजिनाला, पण पुढच्या अटींवर. ते ज्या गाडीचं आहे तिचे कागद हवेत. बिलावर इंजिन नंबर हवा. चेंबर उघडून एक कॉनरॉडचं कॅप माझ्यासमोर काढायचं, बेअरिंग बघायचं. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालायचा, कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन (सिलिंडर दाब किती तयार करतो आणि किती गळू देतो) दोन्ही तपासायचं. टर्बो, ऑइल कूलर, जाळी, चेनचा संच, पाण्याचे प्लॅस्टिक जोड हे सगळं बाहेर असतानाच नवं. 'चालू होतं, ऐका' म्हणून जमिनीवर सुरू करून दाखवलेल्या इंजिनाला मी किंमत देत नाही.

नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. लोक हे टाळतात, मग विकताना नाहीतर क्लेमच्या वेळी अडकतात.

---

लेथवाला · १६ जून, सकाळी ९:१०

तेही इंजिन कुणीतरी असंच पंचवीस हजारांवर तेल बदलून चालवलेलं असणार. दुसऱ्याचा चिखल विकत घेण्यापेक्षा स्वतःचं नीट उघडून साफ केलेलं काय वाईट? मी अजून माझ्या मतावर आहे. क्रँक मोजा तरी आधी. जर्नलवर नखाला रेघ लागत नसेल तर घासायचीच गरज नाही, त्याच मापाचं बेअरिंग बसेल.

---

तेरानंबरपाना · १६ जून, सकाळी ९:४०

हे बोललात ते बरोबर. मोजून ठरवू. मालक, उघडताना यांनाही बोलवा, मायक्रोमीटर त्यांचाच चांगला आहे.

---

हुरडापार्टी · २९ जून, रात्री ८:३०

उशिरा अपडेट देतोय, क्षमस्व.

दिव्यांच्या मॉड्युलमध्येही १,३८,०००च्या पुढचाच आकडा निघाला आणि दोन्हीकडे चॅसिस नंबर माझ्याच गाडीचा आहे. नोटीस गेली. डीलरचा माणूस ठरलेल्या तारखेला आला नाही, दुसऱ्या दिवशी मात्र फोन आला, 'साहेब, बसून बोलू.' आधी गाडी परत घ्यायची भाषा होती, निम्म्या पैशात. ताईंनी नको म्हणून सांगितलंय, बोलणी चालू आहेत, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

इंजिन उघडलं. एक बिगएंड (कॉनरॉडचं क्रँककडचं बेअरिंग) फिरलंय, जर्नल निळा पडलाय, रेघ नखालाच काय, नुसत्या डोळ्यांना दिसते. लेथवाल्यांनी मोजलं आणि स्वतःच म्हणाले, यात हात घालत नाही. बाकीचे पाच ठीक. हेड सरळ आहे, म्हणजे गरम होण्याने तिथे काही झालेलं नाही.

नव्या क्रँकचा भाव मागवलाय. ब्लॉक चांगला आहे, त्यामुळे नवा क्रँक आणि बेअरिंग विरुद्ध वापरलेलं अख्खं इंजिन, दोन्ही आकडे आले की ठरवणार. गिअरबॉक्स अजून बाहेर काढलेला नाही, स्टुटगार्टकरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त तेल आणि चेंबर. ट्रान्सफर केसच्या मोटरमधला प्लॅस्टिकचा गिअर झिजलाय, तेवढा वेगळा मिळतो. तोवर कारखान्याच्या पिकअपमधून फिरतोय. एसी नाही, पण डिपस्टिक आहे.

---

जुनापुणेनाका · २९ जून, रात्री ८:४५

फॉर्च्युनरला पण हाय.

---

कडकभाकरी · ३० जून, सकाळी ९:००

तेल बदललं, पातळी आता जागेवर. तुळजापूरही झालं. आता हा धागा वाचून टायर मोजले: पुढे साडेपाच मिमी, मागे साडेचार, चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले. माझीही चारही चाकांना ओढ असलेली आहे. गेटमध्ये अडत नाही. काय करू, दोन बदलू?

---

गतिकी · ३० जून, सकाळी ९:५०

दोन बदलू नका. पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घ्या, अलाइनमेंट तपासा आणि साधारण आठ हजार किमीनंतर परत मोजा. आधी पुढच्या आणि मागच्या टायरचं माप एकच आहे ना ते बाजूला लिहिलेल्या आकड्यांवरून बघा. काही मॉडेलांत मागचे रुंद असतात, मग अदलाबदल करता येत नाही. बदलायची वेळ आली की चारही एकदम.

---

कडकभाकरी · ३० जून, सकाळी १०:०५

माप एकच आहे. हुरडापार्टी, तो फ्लॅटबेडवाला चांगला होता का? नंबर असावा म्हणतो जवळ.

---

हुरडापार्टी · ३० जून, सकाळी १०:४०

माणूस चांगला आहे, चाकं उचलून न ओढता पूर्ण गाडी वर घेतो. चारही चाकांना ओढ असलेली गाडी दोन चाकांवर ओढू द्यायची नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. नंबर व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवलाय.